आईचे पाय आणि कुत्र्याचा फ्लेक्स

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुत्र्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता, तो मी लावला होता. खरं तर तो वाढदिवसाचा नव्हताच. पण साताऱ्यात एकदा फ्लेक्स वर चढला, की तो कशाचा आहे हे लावणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं!

सुरुवात आईपासून करते. आई वडूजजवळ रानातल्या घरात एकटी राहायची. भाऊ फौजेत, आज इथं तर उद्या तिथं. एकदा ती गोठ्यात पाय घसरून पडली आणि शेजारीण दूध न्यायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. हे कळलं त्याच दिवशी मी गाडी केली आणि तिला आणायला गेले. ती कसली येतेय! "म्हशीला कोण बघंल?" म्हणाली. म्हैस शेजारणीच्या दावणीला बांधली. "घराला कुलूप बरं दिसत न्हाई," म्हणाली. किल्लीही शेजारणीलाच दिली. शेवटी "करमलं न्हाई तर मला परत आणून सोडायचं, मग रडायचं न्हाईस," अशी बोली करून बाई गाडीत बसल्या.

इथल्या डॉक्टरांनी तिचे गुडघे दाबून बघितले आणि बजावलं, की रोज सकाळी चालायचं. चालणं थांबलं तर पाय आखडतील, मग अंथरूण ठरलेलंच. आईला चालायचं काय वावडं? फक्त ती अनवाणी चालायची. मी मऊ चपला आणल्या. त्या घालून ती हॉलमध्ये चार पावलं टाकून आली आणि म्हणाली, "ह्यात भुईच लागत न्हाई गं. भुई लागल्याबिगर पाय टाकायचा तरी कसा?" त्या चपला आता मी वापरते.

तर उजाडलं की आई गेटाबाहेर पडायची, गल्लीच्या टोकाच्या उंबराला फेरी घालायची आणि जाता-येता चार बायकांशी बोलून परत यायची. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या बोअरला पाणी नाही, हे सगळं मला आता आईकडून कळायला लागलं. मी या गल्लीत किती वर्षं राहतेय, पण मला कोण सांगतंय! मला वाटलं, रमली बाई, सुटलो.

आणि एका सकाळी तिची हाक आली. जाऊन बघते तर आई गेटाला धरून उभी, एक पाय वर उचललेला. पुढं येईना, मागं जाईना. मी खाली बघितलं. कुत्र्याचं होतं, अगदी ताजं.

"शेण असतं तर थापलं असतं," आई म्हणाली. "ह्याचं काय करू?"

पाय साबणानं धुतला, औषधाच्या पाण्यानं धुतला, वर हळद लावली. तरी ती दिवसभर पाय पुढं करून "वास येतोय का गं?" विचारत राहिली. त्याच आठवड्यात परत तोच प्रकार झाला, आणि या वेळी पाय सरकला. कंपाउंडची भिंत हाताला लागली म्हणून वाचली. संध्याकाळी बघते तर तिच्या खाटेखाली नायलॉनची मोठी पिशवी भरून तयार होती.

"मला वडूजला सोड. पडले तर आपल्या मातीत तरी पडंन."

वडूजला कोण होतं तिला उचलायला? मी हातापाया पडून चार दिवस थांबवून घेतलं. पण तिनं बाहेर पडणं बंद केलं ते केलंच. खिडकीशी खुर्ची टाकून बसायची. बघता बघता उठताना तिला माझा हात लागायला लागला.

कुत्रं कुणाचं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. समोरच्या सुभेदारसाहेबांचं. फौजेतून निवृत्त झालेला, ताठ मानेचा, मिशांना पीळ देणारा माणूस. बायको वारलेली, मुलगा दुबईला, घरात हे दोघंच. कुत्रं म्हणजे वासराएवढं लॅब्राडॉर. दोघंही पहाटे बाहेर पडायचे. साहेबांचं तोंड किल्ल्याकडं, कुत्र्याचं बूड माझ्या गेटाकडं. कार्यक्रम आटोपला की साहेब त्याला "शाब्बास!" म्हणायचे. शाब्बास! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी एकदा सरळ जाऊन बोलले. म्हटलं, "साहेब, सांगलीला आम्ही भाड्यानं राहायचो ना, तिथं जैनांची गल्ली होती. त्यांचे महाराज अनवाणी यायचे, तर आदल्या दिवसापासून सगळे हातात झाडू घेऊन रस्ता झाडायचे. किती छान रीत, नाही का?"

"व्हय तर, लय भारी रीत," साहेब म्हणाले. "पण वहिनी, आपल्याकडं कुठं महाराज येत्यात?" आणि कुत्र्याला घेऊन आत गेले.

मग मी कामाला लागले. गेटावर लाल रंगाच्या पाण्याच्या बाटल्या लटकवल्या. त्या बघून कुत्रं घाबरतं म्हणे. ते कुत्रं आलं, त्यानं बाटलीचा वास घेतला, तंगडी वर केली आणि बाटली पावन करून गेलं. शिवाय खाली नेहमीचं कामही उरकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या ढिगाभोवती हळदी-कुंकवाचं रिंगण काढलं, मधोमध लिंबू ठेवलं, त्याला दोन टाचण्या टोचल्या. म्हटलं, फौजी असला तरी माणूस इथलाच आहे, असलं काही बघून दचकेल. साहेब दचकले की नाही देव जाणे, पण बाकी सगळे दचकले. घंटागाडीवरच्या बाईनं त्याला हात लावायला साफ नकार दिला. दूधवाला लांबूनच ओरडायला लागला, "ताई, पातेलं घेऊन हिकडं या!" आईनं खिडकीतून ते बघितलं आणि तिचा तर धीरच सुटला. "आता करणी बी कराय लागले का काय?" आदली साधी घाण रोज कुणीतरी ढकलून तरी द्यायचं, ही कुणी शिवेना. शेवटी मीच नाकाला पदर लावून, माझंच लिंबू माझ्याच हातानं उचललं. माझा नवरा तिकडं पेपरमागं तोंड लपवून हसत होता, खांदे हलत होते त्याचे.

"हसा," मी म्हटलं. "आता फ्लेक्सच लावते."

बोलून गेले खरी, पण मग तो विचार डोक्यातून जाईना. आपल्याकडं कुणाचा फ्लेक्स लागत नाही? मग या चारपायी महाशयांचा का नको? एका पहाटे मी गेटाआड लपून मोबाइलवर त्यांचा फोटो काढला, तोही ऐन कार्यक्रमातला. मजकूरही झकास जमला. "रोज पहाटे न चुकता आपली घाण आमच्या दारात टाकून जाणारे, गल्लीचे भूषण, श्वानसम्राट यांचे जाहीर आभार! आपले नम्र, घाण तुडवणारे समस्त गल्लीकर." कुत्र्याचं नाव घातलं नाही, इथंही घालत नाही, उगाच वाद नको.

फ्लेक्सवाला भला माणूस. "मॅडम, काळजीच करू नका, एक नंबर करतो," म्हणाला. मला एका लग्नाचं आमंत्रण होतं त्या दिवशी कऱ्हाडला, त्यामुळं झालेलं काम मी बघितलंच नाही. त्याच्या माणसांनी संध्याकाळी परस्पर बांधून टाकला.

सकाळी जाऊन बघते, तर काय! फोटोतलं मागचं सगळं कापून टाकलेलं, नुसता चेहरा ठेवलेला, भला मोठा. डोळ्यांना काळा गॉगल. डोक्यावर मुकुट. एका बाजूला केक, दुसऱ्या बाजूला फुगे. माझा मजकूर होता, सगळाच्या सगळा होता, पण तळाला, बारीक अक्षरात. मी तिथूनच फोन लावला.

"मॅडम, ते खालचं बरं दिसत नव्हतं वो," तो म्हणाला. "केक मात्र आपल्याकडून फ्री."

आणि आपल्याकडं फ्लेक्स वाचतंय कोण? लोक फोटो बघतात आणि कुणाचा ते ठरवून पुढं जातात. चहाची वेळ होईपर्यंत गल्लीतला प्रत्येक माणूस सुभेदारांना हात मिळवून गेला होता. रिक्षावाले रिक्षा थांबवून "हॅपी बड्डे!" ओरडत होते. कुणीतरी फटाक्याची माळ लावली. मी घरात येऊन कपाळाला हात लावून बसले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सुभेदारसाहेब उभे. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कंदी पेढ्यांचा पुडा, आणि शेजारी तो, गळ्यात झेंडूचा हार घालून.

"वहिनी, फ्लेक्सवाल्यानं सांगितलं मला, तुमी लावलाय म्हून," ते म्हणाले. "ह्याचा जन्म कवाचा हे मला बी ठावं न्हाई. फौजेच्या मेसच्या मागं सापडलं हुतं पिल्लू. तुमी ध्यानात घेऊन एवढा मान केला. पोराला फोटो धाडला दुबईला. लय दिवसांनी त्यानं आपणहून फोन केला बघा."

मी पेढा तोंडात घातला. माणूस लबाड असता तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं. मी विचारलं, "तुम्ही वाचला का फ्लेक्स?"

"चष्मा घरात राहिला. पण फोटो झकास आलाय!"

मग त्यांची नजर खिडकीशी बसलेल्या आईकडं गेली. घरात थोरलं माणूस दिसलं की वाढदिवसाला पाया पडायचं, ही आपली पद्धत. साहेब पुढं झाले. "चल रं, आईच्या पाया पड," म्हणत त्यांनी कुत्र्याला बसवलं आणि स्वतः वाकले.

आईनं दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले.

"नगं," ती म्हणाली. "पायाला हात लावू नगंस."

साहेब वाकलेलेच राहिले. "का वो आई? चुकलं का काय?"

"तुझ्या कुत्र्याची घाण लागलीया ह्या पायाला. दोनदा. दुसऱ्या टायमाला पडता पडता वाचले. तवापास्नं मी भुईला पाय लावला न्हाई. डागदर म्हणतोय, चाल, न्हाईतर पाय जात्याल. कुठनं चालू? तुझ्या कुत्र्याला जागा हाय, मला न्हाई."

रागानं नाही म्हणाली. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. साहेब हळूच सरळ झाले. माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, मला कुणी बोललंच न्हाई."

"वा! मी सांगलीची गोष्ट नव्हती सांगितली?"

"ती महाराजांची गोष्ट हुती. आईंची कुठं सांगितली तुमी?"

मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "आरं, कुणी सांगाय कशाला पायजे? कुत्रं तुझं, डोळं तुझं." साहेबांनी मान खाली घातली. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, कुत्र्याच्या गळ्यातला हार काढून हातात घेतला आणि गेले. खिडकीतून मी बघितलं, घरातून चष्मा आणून ते फ्लेक्सखाली उभे राहिले. मान वर करून तळाची ती बारीक ओळ पुरती वाचली. मला वाटलं, आता हा माणूस बोंबलत येणार. मी दाराची कडी लावून घेतली, खोटं का बोलू!

ते आलेच नाहीत. दुपारी बघते तर फ्लेक्सचा तळच गायब होता. ब्लेडनं खालचा मजकूर नीट कापलेला, वर गॉगलवाला चेहरा तसाच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेटाबाहेरून परेडच्या आवाजात हाक आली. "आई! रस्ता साफ हाय!"

मी आईच्या आधी पळाले. सुभेदारसाहेब ताठ उभे होते, एका हातात साखळी, दुसऱ्या हातात खुरपं आणि त्यावर पेपरात गुंडाळलेला ऐवज. पेपर ओला होऊन खालून फाटायला आला होता आणि साहेब तो अंगापासून लांब धरून, तोंड वाकडं करून उभे होते. शत्रूसमोर उभं राहणं त्यांना याहून सोपं गेलं असेल, मला तर हसूच आवरेना.

"आरं, पेपरात कुठं राहतंय ते!" मागून आई म्हणाली. "थांब जरा."

भिंतीला धरून ती आत गेली. खाटेखालची पिशवी ओढली आणि लुगडी, पोलकी, शाल, सगळं गादीवर उपडं केलं. तळाला कॅरीबॅगांची गठडी होती. भाजीच्या, किराण्याच्या, कापडदुकानाच्या. आल्या दिवसापासून बाई माझ्या स्वयंपाकघरातून एकेक धुऊन, वाळवून, घड्या घालून वडूजला न्यायला साठवत होती. त्यातली एकही मला कधी दिसली नव्हती.

ती सगळी गठडी तिनं परत पिशवीत कोंबली आणि पिशवीसकट साहेबांच्या हातात दिली.

"रोज एक घ्यायची. सरल्या की सांग."

"व्हय आई," साहेब म्हणाले.

"अगं, आणि पिशवी कशाला दिलीस?" मी म्हटलं. "वडूजला जाताना कपडे कशात भरशील?"

आई पायरीवर होती. एक पाय खाली टेकवला, भुई चाचपली, मग दुसरा टेकवला.

"आता मला कुठं जायाचंय?" ती म्हणाली आणि उंबराकडं निघाली.