चष्मा काढून बघा

दुर्बीणआत्याला एका शब्दाची भयंकर चीड होती. तिला खुशाल शिवी द्या, पण ‘दिसलं’ म्हणू नका.

तिचंही चुकत नव्हतं. शाळांची मैदानं, वाचनालयांच्या गच्च्या, वसाहतींचे वाहनतळ, जिथे जागा मिळेल तिथे ती आयुष्यातल्या सगळ्या सुट्ट्या दुर्बीण लावून उभी राहिली होती. रांगेतला माणूस पुढे यायचा, वाकायचा, डोळा लावतो न लावतो तोच मागचा कोपरानं ढोसायचा, की हा सरळ होऊन म्हणायचा, ‘दिसलं.’ वर ‘फार सुंदर’ असंही म्हणायचा. एकदा नळीवरचं झाकण काढायचंच राहून गेलं होतं, तरी एका गृहस्थांनी गुरूचे चंद्र मोजून दाखवले. आत्यानं त्यांच्यासमोर झाकण काढलं. गृहस्थ म्हणाले, “हां, आता आणखी स्पष्ट.”

पोटापाण्याला ती एका चष्म्याच्या दुकानात होती. मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची आणि गिऱ्हाइकानं निवडलेल्या फ्रेमीत बसवायची. यंत्राची घरघर, पाण्याचे शिंतोडे आणि अॅप्रनवर काचेचा पांढरा चिखल. चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, नंबर राहत. बसथांब्यावर कुणी ओळखीचं हसलं की ती मनात म्हणायची, हा डाव्या डोळ्याचा फरकवाला. तिला स्वतःला लांबचा चष्मा कधी लागला नाही, आणि ही गोष्ट ती सहज बोलता बोलता दर ओळखीत एकदा तरी सांगायची.

तिच्या आकाशदर्शन मंडळात माणसं तीनच. एक ती. दुसरे कॉलेजातले प्राध्यापक, ज्यांच्या हाती माइक गेला की विश्वाच्या जन्मापासून सुरुवात व्हायची आणि पृथ्वी तयार होईपर्यंत मुलांची मधली सुट्टी संपायची. तिसरा तिचा थोरला भाऊ, दादा. दादानं जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. त्याच्या चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी, आणि ती दर वेळी बहिणीनंच घासलेली. वहिनी गेल्यापासून दोघं एकाच घरात राहत. दुर्बिणीची तिवई उचलणं, रांग सरळ करणं आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतः डोळा लावून “वा, छान” म्हणणं, ही दादाची कामं. त्याचं ते “छान” तेवढं आत्याला खरं वाटायचं. एवढ्या गर्दीत आपला एक तरी प्रेक्षक पक्का आहे, असं ती धरून चालली होती.

पण गेल्या महिन्यात तिचा धीर सुटला. एका मुलानं दुर्बिणीतून चंद्र बघून “मोबाइलमध्ये याहून मोठा दिसतो” म्हटलं, आणि त्याच्या आईनं “आमच्या ह्याला नोकरी कधी लागेल, ते यात दिसतं का” असं विचारलं. घरी आल्यावर आत्यानं जाहीर केलं, “ग्रहणाचा कार्यक्रम शेवटचा. त्या दिवशी एकानं जरी खरोखर बघितलं, तर ठीक. नाहीतर दुर्बीण माळ्यावर.”

खरं तर हे वाक्य तिनं टाळीसाठी टाकलं होतं. दादानं “असं काय करतेस” म्हणावं, थोडी मनधरणी करावी, एवढीच तिची अपेक्षा होती. दादानं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या जुन्या बॅगा खाली काढून जागा पुसून ठेवली.

“कपड्यात गुंडाळून ठेवू,” तो म्हणाला. “धूळ नाही बसणार.”

आत्या त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

ग्रहणाच्या दिवशी सकाळीच तिघं शाळेत हजर झाले. सूर्याचा जेमतेम चतकोर झाकला जाणार होता आणि दुपारच्या आत सगळा खेळ आटोपणार होता. आत्यानं मैदानात तिवई रोवली, नळीच्या तोंडावर सूर्यासाठीचा काळा फिल्टर घट्ट बसवला, आणि नळीची सावली जमिनीवर लहानात लहान होईपर्यंत ती फिरवली. सूर्य नेमका पकडायची तिची हीच रीत. डोळा लावला तर नारिंगी थाळी, आणि तिच्या कडेला नखाएवढा घास.

“सुरू झालं,” ती म्हणाली. “मुलांना सोडा.”

मुलांना कुठलं सोडताय. माइक कुरकुरत होता, तो दुरुस्त करणारा शिपाई चावी शोधत होता, मुख्याध्यापिकांना प्रास्ताविक करायचं होतं आणि प्राध्यापक सूर्याच्या जन्माची तयारी करून आले होते. वर प्रत्यक्ष सूर्य उभा, आणि खाली त्याची ओळख करून देणं चाललेलं. आत्या दर थोड्या वेळानं प्राध्यापकांकडे बघून मनगटावर बोट आपटत होती. त्यांनी तेही अभिवादन समजून मान लववली.

शेवटी एकदाची रांग लागली. आत्यानं नेहमीचे दोन नियम खणखणीत आवाजात सांगितले.

“चष्मा काढून बघायचं, भिंगाला चरे पडतात. आणि कशालाही हात लावायचा नाही.”

पहिली पाच-सहा मुलं गेली नाहीत तोच व्यासपीठावरून पुकारा झाला. पाहुण्यांना पुष्पगुच्छ.

“मला नको गुच्छ,” आत्या म्हणाली.

“असं कसं, फोटो काढायचाय,” मुख्याध्यापिकांनी तिचा दंड धरला.

“दादा,” जाता जाता ती म्हणाली, “सूर्य सरकत राहतो. दोन-तीन मुलं झाली की स्वतः बघ आणि नळी थोडी ढकल. जमेल ना?”

“जमेल की.”

गुच्छ झाला, फोटो झाला, मुख्याध्यापिकांचे डोळे मिटले म्हणून पुन्हा झाला. आत्या परतली तेव्हा रांग झपाझप सरकत होती. दिसलं, दिसलं, छान, दिसलं. एक शिक्षिका डोळा लावून म्हणाली, “किती शांत वाटतं नाही.” मागोमाग मुख्याध्यापिका वाकल्या आणि “अप्रतिम” म्हणाल्या.

आत्याला शंका आली. असं झालं की ती एक प्रश्न विचारायची.

“बाई, घास कुठून घेतलाय? वरून की खालून?”

मुख्याध्यापिकांनी क्षणभर विचार केला. “तसा सगळीकडूनच.”

आत्यानं त्यांना बाजूला करून डोळा लावला. आत काळोख. सूर्य कधीच निघून गेला होता आणि अर्धी शाळा मिट्ट अंधार बघून खूश होऊन वर्गात परतली होती.

“दादा, नळी ढकलत होतास ना?”

“ढकलत होतो.”

“बघून?”

“बघून म्हणजे... अंदाजानं.”

“अंदाजानं कशाला? डोळा लावला की सूर्य दिसतो. एवढी मोठी थाळी असते. नसली की नाही दिसत. यात अंदाज कसला?”

दादानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. छापखान्यात चूक सुटली की तो असंच करायचा.

“मला त्यात कधी काही दिसलेलंच नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे आज?”

“आज असं नाही. कधीच. म्हणून आज डोळा लावलाच नाही.”

“शनी? गच्चीवर? तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.”

“वारा होता. शनी म्हणजे पिवळा डाग. चंद्र म्हणजे मोठा पांढरा डाग.”

“मग इतकी वर्षं छान छान काय चाललं होतं?”

“तू तोंडाकडे बघत उभी असायचीस. काय म्हणणार?” दादा थोडा चिडलाच. “तूच म्हणायचीस, चष्मा काढ. काढला की मला माझा हात दिसत नाही. वर म्हणायचीस, हात लावू नको. मग बघू कशानं?”

आत्यानं त्याच्या चष्म्याकडे बघितलं. या माणसाचा नंबर तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. दर दोन वर्षांनी त्याची भिंगं तीच घासत होती. आणि त्याच माणसाचा चष्मा उतरवून, स्वतःच्या धडधाकट डोळ्याला जमवलेली दुर्बीण ती त्याच्यापुढे धरत आली होती. दादाच्याच का, गावभरच्या चष्मेवाल्यांपुढे. नियम दोन्ही शहाणपणाचे होते. दोन्ही मिळून त्यांनी निम्म्या लोकांना आंधळं केलं होतं. नळीच्या बुडाला एक लहानसं चाक होतं, ते फिरवलं की झालं असतं. कुणाच्या हातानं ते बिघडू नये म्हणून तर तिनं हात लावायची बंदी केली होती.

“इकडे ये,” ती म्हणाली. आवाजात राग तसाच होता, फक्त तो आता जायचा कुठे हे त्याला कळत नव्हतं.

तिनं सूर्य पुन्हा पकडला, दादाचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात घातला, आणि त्याची बोटं त्या चाकावर ठेवली. “सावकाश फिरव. माझ्यासाठी काही बोलू नको.”

दादा वाकला. चाक फिरलं, थांबलं, उलटं फिरलं.

“खाली उजवीकडे कुरतडलंय,” तो म्हणाला. “कड एकदम साफ आहे. धारदार.”

आत्यानं पुढे सरकणाऱ्या मुलाला हातानंच मागे सारलं.

“आणि मधे ठिपके काय आहेत? काच पुसली नाहीस वाटतं.”

“किती?”

“दोन मोठे. शेजारी बारीक बारीक, स्वल्पविरामासारखे.”

“ते सूर्यावरचेच डाग आहेत, दादा.”

“सूर्यावर?” तो म्हणाला, आणि डोळा काढेना. रांगेत चुळबुळ सुरू झाली. आत्यानं त्याच्या खांद्यावर टिचकी मारली, मग सदरा ओढला. “पुरे, मुलं थांबलीत.” “थांब गं,” दादा म्हणाला, “आत्ता कुठे दिसतंय.”

कसाबसा त्याला हटवल्यावर आत्या रांगेकडे वळली. “ज्यांना मघाशी काही दिसलं नाही, त्यांनी पुढे या. चष्मेवाल्यांनी आधी. चाकाला हात लावायचा.”

कुणी हललं नाही. मग मुख्याध्यापिका पर्समधून रुमाल काढत, इकडे तिकडे बघत पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मला काळं दिसत होतं हो.” त्यांच्यामागे सगळी शाळा लोटली. सगळ्यांचे डोळे लागण्याआधीच सूर्य पुन्हा पुरता गोल झाला. ज्यांची वेळ हुकली ते भांडले, आणि आत्याला सूर्याच्या वतीनं बोलणी खावी लागली.

घरी पोचेपर्यंत दादाचं तोंड बंद नव्हतं. शनी परत दाखव. चंद्र तर पहिल्यापासून. ते गुरूचे चंद्र मोजतात, ते कधी?

“पाय दुखतायत माझे,” आत्या म्हणाली. “इतकी वर्षं सगळं दाखवलं ते पाण्यात. आता परत श्रीगणेशा.”

दादानं तिवई दाराआड उभी केली, स्टूल ओढलं आणि जुन्या बॅगा एकेक करून माळ्यावर चढवायला घेतल्या. “तू नुसती खालून दे,” तो म्हणाला, “हात लावायला परवानगी आहे.”