इंग्रजाची खोट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं, मिरवते. मिरवतेच. पण ज्या लेथ मशीनच्या जोरावर माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली, ती मात्र आमच्या छपरीत जुन्या कूलरमागे पोतं पांघरून पडली होती, आणि तिच्याबद्दल मिरवायला घरात कोणीच तयार नव्हतं.

बाबांचं कामठीला लहानसं वर्कशॉप होतं. पॉवरलूमचे शाफ्ट, रोलर, पुल्या, हेच काम. लोखंडाचा गोल गज मशीनच्या जबड्यात, म्हणजे चकात धरायचा, गरगर फिरवायचा आणि हत्यारानं सोलत न्यायचा. मशीन विलायती, पट्ट्यावर चालणारी, बाबांनी घेतली तेव्हाच म्हातारी. बनवणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी त्याआधीच कोणीतरी उचकटून नेलेली. पुढे लूम बंद पडत गेले, वर्कशॉप बंद झालं, मशीन नागपूरला घरी आली. टेम्पोतून उतरवली त्या दिवसानंतर बाबांनी तिला हात लावला नाही.

मी बुटीबोरीला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दुसऱ्यांनी बनवलेलं मोजायचं आणि पास का नापास ते सांगायचं. काम चांगलं, पगार चांगला. पण या उन्हाळ्यात मला घरात बसवेना. रविवार आला की उठायचं, फ्रीज उघडायचा, काही न घेता बंद करायचा, गच्चीवर जायचं, चटके खाऊन खाली यायचं. आई म्हणायची, "भिंगरी लागली का वं पायाले?" अशातच एका सकाळी बाबा भंगारवाल्याला घेऊन छपरीत उभे दिसले. तो पोतं उचलून मशीनच्या पोटाखाली डोकावत होता.

"हे नाही द्यायची," मी म्हटलं.

"काहून?"

"मी दुरुस्त करते."

बाबा हसले असते तर बरं झालं असतं. "तुले शिकवलं ते हात काळे करायले? मी हिच्यावर कंबर मोडली तवा तुले खुर्ची भेटली. आता खुर्चीतून उठून इथंच येतं?"

"चालू करून दाखवते ना."

"ताई, इसमें कुछ नहीं बचा," भंगारवाला मध्येच बोलला.

"तुले कोणी विचारलं बे?" बाबा त्याच्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळले. "दसऱ्यापर्यंत चालली तं ठेव. नाही तं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हा येईन अन् घेऊन जाईन. मंग तोंड वाकडं करायचं नाही."

मशीन राहायची असेल तर दसऱ्यापर्यंत फिरली पाहिजे, नाही तर भट्टीत. माझ्या फीचं लोखंड वितळून कुठल्या तरी इमारतीची सळई होणार. मला ते पटणारच नव्हतं.

कारखान्यातून आले की डबा ठेवायचा आणि छपरीत शिरायचं. डिझेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशनं एकेक गिअर घासला. वर्षानुवर्षांचं तेल आणि लोखंडाचा चुरा मिळून त्याचा डांबरासारखा थर झाला होता. आईच्या जुन्या साड्या फडक्यांत संपल्या. नखांतला काळेपणा जाईना. कारखान्यातही मन लागेना. हातात मोजमापाचं यंत्र आणि डोक्यात घरचा अडकलेला स्क्रू. शेजारच्या काकू कुंपणावरून सगळं पाहत होत्या. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"कारखान्यातून काढलं का वं तुले?"

"नाही काकू."

"नसन सांगायचं तं नको सांगू. माह्या भाच्याचंही तसंच झालं होतं. तोही नाहीच म्हणे."

हे बाबांच्या कानावर गेलंच. जेवताना त्यांनी ताटात बघतच काढलं, "पानठेल्यावर विचारून राहिले लोक, पोरीनं वेल्डिंगचं दुकान टाकलं का म्हणून."

"मंग सांगा, टाकलं म्हणून."

"जेवा दोघंही," आई म्हणाली. "भाजी गार होऊन राहिली."

आता त्या इंग्रजाच्या खोटेबद्दल. बाबांच्या मशीनवरचा प्रत्येक शाफ्ट चकाजवळ किंचित जाड यायचा. तेवढा भाग बाबा कानशीनं घासून उतरवायचे. गिऱ्हाइकानं बोट ठेवलंच तर त्यांचं उत्तर तयार असे, "इंग्रजानं खोट ठेवूनच इकडं पाठवली, आपण काय करणार?" हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. शाळेत इंग्रजांचा धडा आला तेव्हा मला पहिली आठवली ती आमची मशीन.

सगळं उघडून झाल्यावर मी बेडकडे वळले. बेड म्हणजे मशीनचा पाठीचा कणा: दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांच्यावरून हत्यार धरणारा गाडा सरकतो. त्या अगदी सपाट हव्यात. मी त्यांच्यावर खात्रीची सरळ पट्टी लांबीनं ठेवली आणि खाली कागदाचा तुकडा सरकवून पाहिला. सगळीकडे कागद अडकत होता. चकासमोर आला आणि अलगद निघून हातात आला. बोटं फिरवली तर तिथं बशीसारखा उथळ खोलगा, त्यात जंगानं खाल्लेले बारीक खड्डे. तिथं गाडा खाली दबणार, हत्यार खाली जाणार आणि शाफ्ट जाड राहणार. आणि बाजूच्या खाचेत काहीतरी पिवळं, दगडासारखं झालेलं. नखानं खरवडलं. हळद होती.

मी तशीच बाहेर आले. बाबा अंगणात खाटेवर बसले होते.

"बाबा, दसऱ्याचा नारळ तुम्ही कुठं फोडत होता?"

दसऱ्याचं नाव काढताच ते उठले. छपरीत आले आणि मशीन घरी आल्यापासून पहिल्यांदा तिला हात लावला, तळहात बरोबर त्या खोलग्यावर. "इथं. चकाच्या समोर. मान तिचाच ना."

"मंग पाणी पुसत होता?"

"पुसते का कोणी? देवाचं पाणी हाय ते. पूजा झाली का मशीनले दुसऱ्या दिवशीच हात लावायचा. कामठीतली वर्कशॉपची सारी लाइन असंच करे."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"थोडा जंग येये. पॉलिश पेपर मारला का चकाचक."

मला गोष्ट गुंडाळून सांगता येत नाही, शिकून तेवढं आलं नाही. "बाबा, खोट इंग्रजाची नाही. दरवर्षी नारळाचं पाणी, दरवर्षी पेपर. तुम्हीच घासली ते जागा."

त्यांनी हात उचलला. हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे सारी लाइन येडी?"

"येडी नाही. पण सगळ्याइच्या मशिनी तिथंच खराब असतीन."

ते तसेच बाहेर गेले आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात भंगारवाल्याला फोन लावला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ये. अन् गाडी मोठी आण."

खोलगा भरता येत नाही. बाकीचा बेड त्याच्या पातळीला उतरवावा लागतो. सरळ पट्टीला निळा रंग लावून बेडवर फिरवायची. जिथं निळं उमटलं ती जागा उंच, तेवढीच धारदार पातीनं खरवडायची. पुसायचं, पुन्हा रंग, पुन्हा खरवड. एका वेळी निघतं ते पिठासारखं. पोळा गेला, गणपती गेले, मी खरवडतच. घाई केली की पाती घसरते आणि नवीन ओरखडा, मग तो काढा. माझ्यासारखीला हे काम देणं म्हणजे शिक्षाच होती. रागानं पाती टाकून मी अंगणात फेऱ्या मारायची आणि पुन्हा जाऊन उचलायची. बाबा खाटेवरून बघायचे आणि मी बघितलं की मान फिरवायचे. आमचं बोलणं आईमार्फत चालू होतं. "बाबाले सांग चहा झाला." "पोरीले सांग, ठेव तिकडं."

अष्टमीला सगळं जागेवर बसलं. नवीन मोटर जोडली, गाडा बेडवरून लोण्यासारखा सरकला. फक्त पट्ट्याचा जोड राहिला, कारण त्याच्या पिना आणायला गेले तर दुकान बंद. नवमीला सुट्टी टाकून सकाळीच पिना आणल्या, पट्टा चढवला आणि बटणाकडे हात नेला.

"अवं, आज नवमी हाय!" आई दारातून ओरडली. "आज हत्याराले हात लावत नाही."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी खाटेवरूनच मान हलवली. आमच्याकडे नवमीच्या सकाळी हत्यारं पुसून मांडायची ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच उचलायची. इतकी वर्षं मी पूजेचं ताट भरून दिलं होतं. मुदतीच्या हिशोबात मात्र हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्यासाठी दसरा म्हणजे कॅलेंडरवरची तारीख झाली होती.

"बाबा, दसऱ्यापर्यंत चालली तं ठेव म्हटलं होतं. अन् आता तुम्हीच चालू देत नाही!"

"मी कुठं नाही म्हणतो? नवमी नाही म्हणते."

आणि भंगारवाला येणार परवा सकाळी, मोठी गाडी घेऊन. मशीन तयार, बटण हाताशी आणि मला हात बांधून बसायचं होतं. बसले नाही. घर झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं, आईच्या हातातून लाटणं घेतलं, पोळ्या जाळल्या, लाटणं परत दिलं. दसऱ्याला सोनं वाटायला निघाले तर अर्ध्या गल्लीतून माघारी आले. चिडून आई म्हणाली, "तूच एक मशीन झाली. तुलेच हार घालतो आता."

दुपारी बाबा आंघोळ करून छपरीत आले. चकाला झेंडूचा हार घातला. हळदीकुंकू वाहिलं, पण मोटरच्या डब्यावर. मला वाटलं चुकून झालं असेल. मग त्यांनी नारळ घेतला, डोळे मिटले, आणि सवयीनं हात बरोबर चकासमोर बेडच्या वर गेला. इतक्या महिन्यांची खरवड त्या हाताखाली होती.

हात तसाच वर राहिला. मग ते नारळ घेऊन बाहेर गेले आणि कपडे धुवायच्या दगडावर फोडला.

"काहून तिकडं?" आईनं विचारलं.

"तिथं पाणी पडते," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी गाडी नाही, हातगाडीच आली. बाबा फाटकातच उभे होते. त्यांनी भंगारवाल्याला छपरीत नेलं आणि जुना कूलर दाखवला. "हे ने. जाळीबी ने. दुसरं काही नाही." तो मशीनकडे बघत होता. "अबे, तिच्याकडे काय बघून राहिला?"

हार काढून मी बटण दाबलं. पट्टा फडफडला, मग सरळ चालू लागला. गज सोलून मशीन थांबवली तोवर माझी बस निघायची वेळ झाली होती. बाबांनी चकातला शाफ्ट हातानं धरला आणि जिथं तो नेहमी जाड यायचा तिथून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग उलट्या बाजूनं.

"काय चालू केलं वं एवढं?" काकू कुंपणाशी आल्याच होत्या.

बाबांचा अंगठा अजून शाफ्टवर होता. "मशीन हाय आमची," ते म्हणाले. "इंग्रजानं खोट ठेवली होती हिच्यात. पोरीनं काढली."

माझ्या जिभेवर आलं होतं. मी पिशवी उचलली आणि बसकडे पळाले.