कंपनीचे ब्रेक

ताजुद्दीनचाचा आमचे शेजारी. कुवेतच्या वाळवंटात त्यांनी उभी हयात अवजड गाड्या चालवल्या. आता अर्धांगवायूने उजवा पाय गेलाय, म्हणून हरिहरेश्वरच्या रस्त्यालगत घराच्या ओट्यावर बसून मुलाच्या, कैसच्या जीपकडे बघत राहतात.

ती जीप आता जीप कसली! कैसने तिला ट्रॅक्टरला शोभतील असले टायर घातलेत, पुढे लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर. त्यात पर्यटक कोंबायचे, त्यांच्या बॅगा वर लादायच्या आणि डोंगरावरून थेट समुद्राकडे उतरायचं. ब्रेक मात्र कंपनीतून आले तेच. मला तर बघूनच धडकी भरते.

"वजन वाढवलंस, ब्रेक तेवढेच ठेवलेस," चाचा म्हणतात.

"कंपनीचे ब्रेक हायत, अब्बा. कंपनी काय येडी हाय?"

"कंपनीने दिली ती गाडी येगळी होती, बेटा. ही तू बनवलीस."

कैस हसतो. त्या हसण्याने माझं डोकं फिरतं, पण चाचा चिडत नाहीत. गाडी त्याला त्यांनीच शिकवली, सुट्टीवर आले की पुळणीवर. वाळूत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप थांबते, ब्रेकची गरजच पडत नाही. पोरगा तेवढंच शिकला. उताराची पाळी यायच्या आत चाचांची सुट्टी संपायची.

शेवटी ते काठी टेकत प्रत्येक फेरीला पुढच्या सीटवर जाऊन बसू लागले. अब्बा शेजारी असले की कैस खालच्या गिअरमध्ये, हळू उतरतो. सकिनाचाची करवादायच्या, "या वयात ही कसली हौस?" चाचा काठी उचलून निघायचे. मला मात्र एकदा म्हणाले, "ब्रेक तो बदलनार न्हाय, दादू. मग मीच बसतो."

काल सुट्टीची तोबा गर्दी. चाचा जीपपाशी पोचले, तर पुढच्या सीटवर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसलेली.

"अब्बा, आज जागा न्हाय," म्हणत कैस निघालासुद्धा.

चाचा रस्त्यातच उभे राहिले. मी खुर्ची आणली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. जीप वळणाआड गेली तसा त्यांनी माझा दंड धरला.

"मोटारसायकल काढ."

"चाचा, मागनं जाऊन काय करनार? गाडी थांबवता येनार हाय का आपल्याला?"

"न्हाय येनार," ते म्हणाले. "पन काय झालंच, तर माझ्या पोराजवळ पोचायला उशीर नको."