श्री लिहून पाहिलंस का?

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिला तर मी शेजाऱ्यांच्या गाडीला ओरखडा पाडला होता, तेही त्याच दिवशी सांगून मोकळा झालो होतो. मग हेच का राहिलं? आणि आज तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मालतीताईंना ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्याला सांगायची छाती नाही माझी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी सुखात आहे. दाना ओली या गल्लीतलं जुनं घर सोडून आम्ही लांब नव्या वस्तीत राहायला गेलो, पण रविवारी सकाळी स्कूटर काढून गरमागरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, खायला मी जुन्या गल्लीतच येतो. मुलगी घरात अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलते आणि मी तिला टोकत नाही, कारण माझंही तेच आहे. पाठ टेकली की झोप लागते. मनात काही दडवून ठेवणाऱ्या माणसाची झोप उडते म्हणतात ना? माझी नाही उडाली. हेही कबूल करण्यासारखंच आहे — नाही का?

तर काम. नई सडकेवर, चपलांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. आम्ही सरकारी शाळांच्या कॉम्प्युटरसाठी स्वतःचं लिनक्स, कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली प्रणाली, तयार करायचो. म्हणजे मूळचं जगभरातल्या लोकांनी केलेलंच — आम्ही त्यातला एकेक प्रोग्राम घ्यायचा, शाळेच्या जुन्या मशिनीवर चालेल असा करायचा आणि त्याचं पॅकेज बांधायचं. पॅकेज म्हणजे प्रवासाला निघालेल्याचा डबा समजा. प्रोग्राम आत, त्याला लागणारं सगळं आत, आणि कुठे काय ठेवायचं ते वर लिहिलेलं. तिकडे शाळेत मास्तरांनी फक्त उघडायचा.

हे डबे बांधायच्या मालतीताई. हजीरा भागात राहायच्या, एकट्या. पूर्वज शिंदेशाहीच्या फौजेत होते आणि ती ऐट ताईंच्या चालण्यात अजून होती. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे साहेबांची थट्टा करायची झाली की आमची भाषा उपयोगी पडायची. ताईंची एक रीत होती. पॅकेज तयार झालं की त्या ते कोपऱ्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या मशिनीवर टाकायच्या, प्रोग्राम उघडायच्या आणि पहिल्या ओळीत ‘श्री’ लिहायच्या. कोऱ्या कागदावर आपण लिहितो ना, तसं. मग खाली जोडाक्षरांनी ठासून भरलेली एखादी ओळ. अक्षरं नीट उमटली तर डबा शाळेत जाणार, नाहीतर परत. मी हसायचो. म्हणायचो, ताई, कॅल्क्युलेटरमध्ये कुठे श्री लिहिणार? त्या म्हणायच्या, तिथे आकडे जुळवून बघते — पण बघते.

मग वरून हुकूम आला. भोपाळचं ऑफिस आणि आमचं ऑफिस एक होणार. दोन्हीकडची पॅकेजं एकत्र होणार, हाताने बांधणं बंद, सगळं काम एका मशिनीने आपोआप करायचं. आणि या एकत्रित खात्याचा प्रमुख एकच राहणार — हे कोणी मोठ्याने म्हणालं नाही, पण चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. सगळ्यांना वाटत होतं ताईच होतील. मलाही वाटत होतं. खरं सांगू? मला ते आवडतही होतं.

ताईंच्या हातातली कामं स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशिनीला कळणाऱ्या सूचनांमध्ये, उतरवायची जबाबदारी माझ्यावर आली. त्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या, एकेक पायरी सांगायच्या, मी लिहायचो. फार छान दिवस होते ते. त्या घरून तिळाची गजक आणायच्या, मी एका हाताने खायचो आणि एका हाताने टाइप करायचो. शेवटच्या पायरीवर मात्र त्या अडून बसल्या. म्हणाल्या, इथे मशिनीने थांबायचं आणि विचारायचं — श्री लिहून पाहिलंस का? माणसाने स्वतः ‘हो’ लिहिलं तरच पुढे जायचं. मी तो प्रश्न घातला. मराठीत, अगदी त्यांच्याच शब्दांत. पॅकेजवर लागणारी डिजिटल सही ताईंची, म्हणून सगळं त्यांच्या खात्यातून चालायचं आणि तपासणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव यायचं.

आता येतो हळूहळू तिथे. टाळत नाहीये — म्हणजे, थोडं टाळतोच आहे.

भोपाळची मंडळी बघायला येणार होती. सगळी पॅकेजं एका दमात बांधून दाखवायची होती, आणि मशीन प्रत्येक डब्यापाशी थांबून विचारत होती, श्री लिहून पाहिलंस का? पाहुण्यांसमोर अशी अडखळणारी मशीन कोण दाखवेल? लिनक्समध्ये एक चिमुकली आज्ञा आहे. कोणी काहीही विचारो, ती आपली ‘हो, हो, हो’ म्हणत राहते. मी ती प्रश्नाला जोडून दिली. एकेकटं पॅकेज बांधलं तर प्रश्न येई आणि ताई उत्तर देत. सगळी एकदम बांधली तर माझी ओळ परस्पर ‘हो’ म्हणे — ताईंच्या नावाने. ताईंना हे सांगितलं नाही. एका दिवसापुरतं तर आहे, उद्या काढू, म्हटलं.

प्रयोग झकास झाला. टाळ्या पडल्या. ती ओळ मी काढली नाही. विसरलो का? नाही. कामं भराभर होत होती, लोक माझी पाठ थोपटत होते, आणि मी जन्माचा आळशी.

पुढे भोपाळकडून अक्षरं जुळवणारा एक भाग आमच्या लिनक्समध्ये आला. त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजं पुन्हा बांधायची होती. मशिनीने बांधली, माझ्या ओळीने होकार भरले, आणि डबे शाळांना गेले. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली. प्रश्नपत्रिका छापल्या, तर प्रत्येक जोडाक्षर फुटलेलं — अर्धी अक्षरं सुटी, वेलांट्या भलतीकडे. मास्तरांनी फळ्यावर प्रश्न लिहून परीक्षा घेतल्या. तक्रारींचे फोन दिवसभर थांबेनात.

बैठकीत साहेबांनी विचारलं, “मालती जी, चेकिंग में तो आपका नाम है. आपने देखा था न?” त्या काळात एकेकटी पॅकेजंही त्यांनी ढिगाने तपासली होती, त्यातलं कुठलं पाहिलं आणि कुठलं राहिलं, हे कोण सांगणार? त्या म्हणाल्या, देखा होगा, जल्दी में रह गया होगा. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मूग गिळून.

पण हेही नाही. भित्रेपणाच तो, पण असा भित्रेपणा जगात पुष्कळ करतात. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

बैठकीनंतर जिन्यात ताईंनी मला थांबवलं. चेहरा पांढराफटक. आणि त्यांना भीती नोकरीची नव्हती. त्यांची आई शेवटची काही वर्षं सगळं विसरत गेली होती — दूध, दार, शेवटी लेकीचं नाव. ताईंनी ते सगळं एकटीने काढलं होतं. त्या म्हणाल्या, “मंदार, मला खरंच याद येत नाहीये रे. आईचं पण असंच शुरू झालं होतं. तू तर सोबतच होता — मीच लिहिलं असेल ना ‘हो’?”

काय म्हणायला हवं होतं? “नाही ताई, मशिनीने लिहिलं.” एवढंच. जिन्यात तिसरं कोणी नव्हतं. साहेबांना कळलंही नसतं.

मी म्हणालो, “तुम्हीच लिहिलं असेल, ताई. इतकी पॅकेजं, कोणाला लक्षात राहणार?”

आणि वर खांद्यावर हात ठेवला. समजूत घालायला.

संध्याकाळी ती ओळ पुसली. एकत्रित खात्याचा प्रमुख मी झालो — आयत्या बिळावर नागोबा. ताईंनी आपणहून शाळांचे फोन घ्यायचं काम मागून घेतलं. डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, पण आपण विसरतोय का, हा प्रश्न त्यांच्या मनातून काही गेला नाही. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायच्या आणि अर्ध्या जिन्यातून परत वर जायच्या. हिशेबात, गप्पांत, रस्त्यात — कुठेही त्यांचं चुकत नव्हतं. पण बोलताना मध्येच थांबून समोरच्याला विचारायच्या, मी हे आधी सांगितलं का रे? ज्या बाईने कधी न पाहता ‘हो’ म्हटलं नाही, तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा मी काढून घेतला, आणि मग तिचा भरवशाचा माणूस होऊन बसलो.

कारण आजही त्या मलाच विचारतात. निवृत्त झाल्यात, तब्येत ठणठणीत आहे, माझ्या मुलीचे भरपूर लाड करतात. माझ्याशी फार मायेने वागतात. आमचं बरं चाललंय, हे मी खोटं सांगत नाही.

यंदा गणपतीत त्यांना आरतीला आणायला मी हजीऱ्याला गेलो. त्या स्वयंपाकघरात मोदकांचा डबा बांधत होत्या, मी बाहेरच्या खोलीत उभा. कुलूप त्यांनी माझ्यासमोर लावलं. स्कूटर चौकापर्यंत आली तेव्हा मागून खांद्यावर हात आला.

“मंदार, गॅस बंद केला ना रे मी? तू बघितलं होतं न?”

“हो, ताई,” मी म्हणालो.

हात सैल झाला. त्या निवांत मागे टेकून बसल्या आणि आरती गुणगुणायला लागल्या. मलाही छान वाटलं. हवा गार होती, रस्ता मोकळा होता.

स्वयंपाकघरात मी डोकावलोही नव्हतो.