नानांची गिरणी आणि पठारावरचा पंखा

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि पिंपळनेरच्या अलीकडच्या एका गावात मी वीजखात्याचा साहेब होतो. साहेब म्हणजे काय, तर एक मोटारसायकल, एक व्होल्टमीटर आणि अक्कल सोडून बाकी सगळं. गावामागच्या पठारावर तेव्हा पहिली पवनचक्की उभी राहिली. तिची तार आमच्याच जुन्या लाइनीला जोडली. आता गावाला वीज कमी पडणार नाही, असं मी मोठ्या ऐटीत सांगत फिरलो.

पंधरा दिवसांत पिठाच्या गिरणीवाले नाना ऑफिसात हजर. "भाऊ, तुना पंखा फिराले लागना का मनी मोटर कन्हस."

ऐन बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे दिवस. ज्वारीचं दळण मध्येच अडखळायचं. निम्मा रवा, निम्मं पीठ. वर्षाचे बिबडे बिघडणार म्हणून बायका चिडलेल्या. मी गिरणीत गेलो, मोटरवर हात ठेवला आणि अख्ख्या रांगेसमोर निकाल दिला, "पवनचक्की वीज देते हो, खात नाही. मोटर म्हातारी झाली तुमची!"

दुसऱ्या दिवशी रांग पलीकडच्या गल्लीत, डिझेल इंजिनाच्या गिरणीवर. जन्मभर गावाचं दळण दळलेला माणूस रिकाम्या गिरणीत बसून राहिला.

नाना पुन्हा आले. भांडले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "एक दिन गिरणीमा ये."

गेलो, मीटर लावला. दुपारी वारा सुटला. दारातून पठार दिसायचं. पाती हलली, नाना "देख" म्हणाले आणि काटा धाडकन खाली. मोटर कण्हली. वारा पडला, पुन्हा सुटला, पुन्हा तेच. च्यायला! या जातीची पवनचक्की सुरू होताना आधी आमच्याच लाइनीतून घोट घेते, मग देते. आणि गावाच्या टोकाला आमची लाइन काडीसारखी बारीक, घोट घेतला की दाब पडणारच. हे सगळं मी कॉलेजच्या परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

"नाना, आजच वर रिपोर्ट लिहितो."

"कागद ऱ्हाऊ दे. ज्या बायास्ना म्होरे बोलना, त्यास्ना म्होरेच बोल."

पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीवर गेलो. इंजिनाच्या धडधडीत मला ओरडावं लागलं, "नानांची मोटर ठणठणीत आहे! चुकलो मी!" ऐकू गेलं नाही म्हणून दुसऱ्यांदा. बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. एका अक्कांनी आपला दळणाचा डबा माझ्या हातात कोंबला, "मंग आते तूच उचल."

भर बाजारातून तो डबा खांद्यावर घेऊन मी निघालो. मागून अक्का, त्यांच्यामागे आणखी चौघीजणी.

नानांनी डबा उतरवून घेतला. पठाराकडे पाहिलं, पाती थांबत होती, पुन्हा फिरत होती. "अक्का, वारा पडू दे. बस जराखी," म्हणाले आणि एक पोतं झटकून अंथरलं. अक्का बसल्या, बाकीच्याही टेकल्या. मला कोणी बस म्हटलं नाही.