न धुतलेले हात

सातवीत शाळा सुटली आणि काही वर्षांनी साताऱ्याकडून मी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये गोदाम सांभाळायला आलो. तेव्हा मला कुलपाचं वेड लागलं होतं. कुलूप ओढून बघायचं, शंभर पावलं गेलो की परत यायचं. अंगातला जीव त्यातच जाई. मॅनेजरने कामावरून काढायची तंबी दिली होती.

एकदा दुपारी मिलचे कागद घेऊन भंडाऱ्याच्या एसटीत बसलो आणि गाडी सुटताना उठलो. शेजारच्या माणसाने विचारलं, "काहून उतरून राहिला, भाऊ?"

"गोदामाचं कुलूप परत बघायचंय," एवढंच बोललो.

त्याने पांढरे पडलेले, भेगाळलेले हात पुढे केले. "हे मी दिवसभर धुवत रायचो. नागपूरच्या पहिल्या डॉक्टरनं मनगटात रबरबँड देल्ला. विचार आला का ओढून सोड म्हणे. मनगट सुजलं, विचार तसाच. दुसरा म्हणे, हात घाण कर अन् धुऊच नोको."

मग वाकून त्याने पायाखालच्या पत्र्यावर तळहात घासला आणि त्याच हाताने फुटाणे खाल्ले. त्याचा जबडा थरथरत होता.

"भीती जाते का?"

"जात नाही जी. पण आपण बसून राहिलो का थे आपल्या आधी थकते."

त्याने मलाही फुटाणे दिले. गाडी गावाबाहेर पडली, तरी मी बसून राहिलो. त्याचे उपकार मोठे. नाव विचारायचं मात्र राहिलं.

परतलो तेव्हा मॅनेजरने दुसऱ्या किल्लीने गोदाम उघडलं होतं. कुलूप लागलेलं होतं का, हे अगदी ओठांवर आलं. मी विचारलं नाही.