हायवेपलीकडची शाळा

"मॅडम, हा रस्ता तर एकदम सेफ आहे," शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले. मी कपाळाला हात लावायचीच बाकी राहिले.

आम्ही मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला उभे होतो. दोन्ही बाजूंचे ट्रक थांबलेले. मध्ये वाहतूक पोलीस हात आडवे करून उभा आणि त्याच्यासमोरून आमची चिल्लीपिल्ली मजेत चाललेली. इतका शांत हायवे मी जन्मात पाहिला नव्हता.

नव्वदीची अखेर होती. नाशिकच्या वेशीवर, मळ्यांमधल्या चार वर्गांच्या शाळेची मी मुख्याध्यापिका. पट, म्हणजे मुलांची संख्या, घसरत होता, म्हणून समायोजनाचा प्रस्ताव आला. समायोजन म्हणजे शाळा बंद करायची आणि मुलं जवळच्या शाळेत पाठवायची. 'बंद' हा शब्द ऑफिसात कुणी वापरत नाही. जवळची शाळा नकाशावर खरंच जवळ होती. मध्ये फक्त हायवे होता.

आमच्या मुलांचे आईबाप भाजी पिकवणारे. पहाटेच मेथी-कोथिंबीर घेऊन मार्केटला जायचे. मुलांना शाळेत सोडायला घरी कोणी नसे. चौथीतली मनीषा पहिलीतल्या पिंट्याला बोटाला धरून आणायची. शाळा हलली की ही दोघं रोज एकटी हायवे ओलांडणार होती. अर्ज करून आणि ऑफिसचे जिने चढून मी थकले, तेव्हा कुठे साहेब मुलांबरोबर रस्ता ओलांडून पाहणी करायला तयार झाले.

आणि पाहणीला हे असं.

नगरसेवक अण्णांना मी बाजूला घेतलं. अण्णा आमच्याच बाजूचे.

"अण्णा, पोलीस कुणी बोलावला?"

"मीच. साहेब येणार म्हटल्यावर बंदोबस्त नको का, बाई? काय झालं तर लोक मलाच बोलतील."

"अहो, ट्रक दिसावेत म्हणूनच तर साहेबांना आणलं होतं!"

अण्णांनी जीभ चावली. "लय घोटाळा झाला म्हणायचा."

त्यांच्यावर काय चिडणार? साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे खड्डे बुजतात, नळाला पाणी येतं. मला खरं तर घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं.

पलीकडच्या शाळेत हारतुरे झाले, चहा झाला. साहेब खुशीत होते. त्यांची जीप अलीकडे, आमच्या शाळेपाशी उभी होती. "चला, मुलांबरोबरच चालत जाऊ," ते म्हणाले.

हायवेवर आलो तर पोलीस गायब. बंदोबस्त साहेबांचा होता. साहेब पार झाले, बंदोबस्त संपला.

ट्रक सुसाट चालले होते. साहेबांनी पाऊल टाकलं, मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. शेवटी जरा मोकळं दिसलं तसे आम्ही सगळे निघालो. जवळजवळ पोचलो होतो, तेवढ्यात पिंट्याची चप्पल निसटली. मनीषाचा हात सोडून तो ती घ्यायला मागे वळला.

मनीषा किंचाळली. साहेबांनी झडप घालून पिंट्याची कॉलर धरली आणि त्याला ओढलं. ट्रक हॉर्न देत निघून गेला. रस्त्यावर चप्पल चपटी होऊन पडली होती.

पिंट्या चपलेसाठी रडायला लागला. "आई मारंल," एवढंच म्हणत होता. साहेबांनी त्याला कडेवर घेतलं, ते जीपपर्यंत खाली ठेवलंच नाही. साहेबांचा शर्ट घामानं भिजला होता.

"मॅडम, शाळा इथंच राहील," ते म्हणाले.

शाळा राहिली. पुढे साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले आणि समायोजनाचा तोच प्रस्ताव पुन्हा आला. नकाशा तोच होता. पाहणीही ठरली.

अण्णांचा फोन आला. "बाई, या वेळी पोलीस नाय सांगत. मुलं किती वाजता रस्त्यावर आणताय?"

"मुलं वर्गात बसतील, अण्णा," मी म्हटलं. "साहेबांना एकट्यांनाच जाऊन येऊ दे."